गाठ की जखम? मेंदूच्या एका कणाची साक्ष

गेल्या उन्हाळ्यात एक गृहस्थ आमच्या लॅबच्या काउंटरवर आले आणि त्यांनी शर्टाच्या खिशातून स्टीलची एक डबी काढली. कुंकवाची असावी, झाकणाच्या कडेला अजून लाली होती. आत कापसात गुंडाळलेले मेणाचे दोन चौकोनी तुकडे. "भावाच्या मेंदूचं आहे," ते म्हणाले. "तिकडे आधी गाठ म्हणाले, मग म्हणाले नुसती सूज दिसतेय. मॅडम, गाठ आहे का नाही, एवढंच सांगा."

एवढंच! आमच्या धंद्यातला सगळ्यात अवघड प्रश्न त्या 'एवढंच'मध्ये बसलेला असतो. तो का अवघड आहे, आणि त्याचं उत्तर शोधताना जगभर काय काय उकरून काढावं लागलं, ते आज सांगते.

पॅथॉलॉजी म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे रक्त-लघवीची तपासणी येते. पण या शाखेचा एक मोठा भाग शरीरातून काढलेले तुकडे पाहण्याचा आहे. पोटाचं, स्तनाचं, गर्भाशयाचं ऑपरेशन झालं की निघालेलं सगळं आमच्याकडे येतं. मेंदूची गोष्ट निराळी. तिथून सर्जन हात भरून काही काढू शकत नाही, कारण जे काढलं ते बोलण्याचं, हात हलवण्याचं किंवा आठवण ठेवण्याचं केंद्र असू शकतं. त्यामुळे कवटीला बारीक भोक पाडून सुईनं जो तुकडा घेतात, तो शिजलेल्या शेवईच्या अर्ध्या इंचाएवढा असतो. त्यावर सगळा निकाल.

हा तुकडा आधी फॉर्मालिनमध्ये जातो. फॉर्मालिन ऊती घट्ट करतं, हे 1893 मध्ये फर्डिनांड ब्लुम या जर्मन डॉक्टरच्या लक्षात आलं. तो खरं तर जंतू मारायला ते कितपत चालतं हे पाहत होता, तेव्हा त्याच्याच बोटांची कातडी कडक झाली. फॉर्मालिननंतर अल्कोहोलमध्ये बुडवून तुकड्यातलं पाणी काढायचं, झायलिननं अल्कोहोल काढायचं, आणि शेवटी साठेक अंश तापलेलं पॅराफिन मेण त्यात मुरवायचं. गार झाला की झाला 'ब्लॉक'. त्या डबीतले मेणाचे तुकडे म्हणजे हेच.

ब्लॉक मायक्रोटोमवर चढवून टेक्निशियन त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढतो. असे पंधरा-सतरा काप एकावर एक रचले तर कुठे एका केसाची जाडी होते. काप सुटे पडत नाहीत, रिबिनीसारखे एकमेकांना चिकटून येतात. ती रिबीन कोमट पाण्यावर सोडली की चुण्या मोडतात, आणि खालून काच घालून अलगद उचलायची. उसळीच्या पातेल्यावर तरंगणारं साल चमच्यावर घ्यावं, तसं. हात थरथरला की काप दुमडला. मग रंग: मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या गाभ्यातून निघणारं हिमॅटोक्सिलिन पेशीचं केंद्रक निळं करतं, इओसिन बाकीचं गुलाबी. सव्वाशेहून जास्त वर्षं जगभर हीच निळी-गुलाबी जोडी चालू आहे. कितीही महागडी यंत्रं आली तरी सकाळी माझ्यासमोर आधी तीच येते.

मेंदूसाठी अजून एक युक्ती आहे. रुग्ण टेबलावर, कवटी उघडी, आणि सर्जनला आत्ताच कळायला हवं की सुई योग्य ठिकाणी पोचली का. मेंदूची ऊती लोण्यासारखी मऊ, त्यामुळे तिचा मोहरीएवढा कण दोन काचांमध्ये ठेवायचा, अंगठ्यानं दाबायचा आणि काचा विरुद्ध दिशांना सरकवायच्या. याला आम्ही स्क्वॅश म्हणतो. काच सरकवतानाच अर्धं कळतं. साध्या मेंदूचा पातळ एकसारखा थर पसरतो, मेनिंजिओमासारखी गाठ रबरासारखी अडते, आणि क्षयाच्या गाठीतला मधला भाग घट्ट चीजसारखा तुटतो. पुढच्या पंधरा-वीस मिनिटांत रंग लावून थिएटरमध्ये फोन जायला हवा.

आता मूळ अडचणीकडे येऊ. मेंदूला काहीही झालं तरी त्याच्याकडे बोलायला शब्द मोजकेच असतात.

रक्तपुरवठा तुटला तर साधारण अर्ध्या दिवसानंतर तिथले न्यूरॉन आक्रसून लालभडक दिसू लागतात. दोन-तीन दिवसांत सफाई करणाऱ्या पेशी येतात, त्यांना मॅक्रोफेज म्हणतात. मेलेल्या ऊतीतली चरबी गिळून त्या फुगतात आणि साबणाच्या फेसासारख्या दिसतात. भोवतालच्या ॲस्ट्रोसाइट नावाच्या ताऱ्यासारख्या पेशी अंग धरून जाड होतात, हातपाय पसरतात. याला ग्लायोसिस म्हणतात. कातडीला जखम झाली की तिथे तंतूंचा पक्का वण तयार होतो. मेंदूत असे तंतू विणणाऱ्या पेशी फारच थोड्या. त्यामुळे मेलेला भाग विरघळतो, मॅक्रोफेज तो वाहून नेतात, आणि काही महिन्यांनी तिथे पाण्यानं भरलेली पोकळी उरते, कडेला ग्लायोसिसची भिंत. जुन्या झटक्याचा मेंदू शवविच्छेदनात कापला की ती पोकळी बोटाला लागते.

पक्षाघात, मार, जंतुसंसर्ग, रेडिएशन, ऑक्सिजनची कमतरता, कारण कुठलंही असो, मेंदू हेच शब्द उलटसुलट वापरतो. आणि पंचाईत अशी की मेंदूतल्या पुष्कळशा गाठी याच ॲस्ट्रोसाइटच्या जातकुळीतल्या असतात. जखम सावरायला जाड झालेला ॲस्ट्रोसाइट आणि बिघडून वाढत सुटलेला ॲस्ट्रोसाइट, दोघांच्या अंगावर एकच गणवेश. ॲस्ट्रोसाइट ओळखायला आम्ही जीफॅप नावाचा रंग वापरतो, तो दोघांनाही तपकिरी करतो. म्हणजे 'ही पेशी कोण' ते कळतं, 'ही चांगली की वाईट' ते नाही. मग नजर लागते. सावरणाऱ्या पेशी एकमेकींपासून अंतर राखून, अंगणात सडा टाकल्यासारख्या उभ्या असतात. गाठीच्या पेशी घोळका करतात, केंद्रकं वेडीवाकडी असतात, न्यूरॉनला वेढून बसतात. पण हे पाहायला ऊती पुरेशी हवी, आणि आपल्याकडे आहे अर्धा इंच शेवई.

इथे एका शोधानं खरंच हात दिला. 2008 मध्ये ग्लिओमाच्या, म्हणजे ॲस्ट्रोसाइट आणि तिच्या भावंड पेशींपासून होणाऱ्या गाठीच्या, पेशींत आयडीएच-1 नावाच्या जनुकात ठरावीक जागी बदल सापडला. वर्षभरात त्या बदललेल्या प्रथिनालाच चिकटणारा रंग तयार झाला. जखमेच्या ॲस्ट्रोसाइटमध्ये हा बदल नसतो. त्यामुळे गाठीच्या कडेवरच्या तुकड्यात, जिथे नुसती सूज वाटत होती, तिथे एखादी एकटी पेशी तपकिरी उठून दिसली तरी निकाल लागतो. उलटं मात्र खरं नाही. रंग आला नाही म्हणून गाठ नाही असं कोणी म्हणालं, तर त्याला दोन पावलं मागे घ्यायला सांगावं, कारण असा बदल नसलेल्या गाठीही भरपूर आहेत.

डबीवाल्या गृहस्थांच्या भावाचं प्रकरण याहून फसवं निघालं. एमआरआयवर मोठी गोल सावली, कडा चमकदार, भोवती सूज. स्लाइडवर पेशींची गर्दी, आणि मध्येच काही पेशींची केंद्रकं फुटून विखुरलेली. ही फुटकी केंद्रकं पेशीविभाजन चालल्यासारखी दिसतात. भरपूर पेशी अधिक भरपूर विभाजन म्हणजे जोरात वाढणारी गाठ, असा सरळ हिशेब कोणीही करील. पण गर्दीतल्या पुष्कळ पेशींच्या कडा फार स्वच्छ होत्या, पोट फेसाळ. म्हणजे मॅक्रोफेज! ग्लिओमाच्या मधोमध इतके मॅक्रोफेज असं सहसा नसतं. मॅक्रोफेजचा सीडी-68 हा रंग लावला, ओळीनं उमटले. मग मज्जातंतूंवरच्या मायलिन नावाच्या वेष्टनाला निळं करणारा ल्युक्सॉल फास्ट ब्लू लावला. त्या भागात निळं काहीच नाही, आणि जिथे संपलं तिथे रेघ मारल्यासारखं संपलेलं. शेवटी मज्जातंतूच्या आतल्या तारेचा रंग लावला, तर तारा जागच्या जागी! वायरचं प्लास्टिक सोललेलं, तांबं शाबूत. हा मायलिनवर शरीराच्याच प्रतिकारशक्तीनं केलेला हल्ला होता, गाठीचं सोंग घेऊन आलेला. त्यावर स्टिरॉइड देतात. गाठ समजून रेडिएशन दिलं असतं, तर आधीच सोललेल्या वायरीवर विस्तव ठेवल्यासारखं झालं असतं.

दुसरा ब्लॉक मात्र जवळजवळ रिकामा होता. आधीच्या लॅबमध्ये काप काढून काढून ऊती संपलेली. पहिल्यातही मोजून सहा-सात काप निघतील एवढीच उरली होती, म्हणून कुठला रंग आधी लावायचा यावर मी आणि माझी सहकारी पाऊण तास बोलत बसलो होतो. रिपोर्टला दहा दिवस का लागतात असं विचारणाऱ्यांनी ही पाऊण तासाची चर्चा ऐकायला हवी.

स्टिरॉइडचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकते. मेंदूत एक लिम्फोमा होतो, म्हणजे पांढऱ्या पेशींची गाठ. स्टिरॉइडचे काही डोस गेले की तो बर्फासारखा वितळतो. सूज उतरावी म्हणून घाईनं स्टिरॉइड दिलं आणि नंतर बायोप्सी केली, तर आमच्या हाती येतात फक्त मॅक्रोफेज आणि ग्लायोसिस, म्हणजे पुन्हा 'जखम'. काही आठवड्यांनी गाठ परत डोकं वर काढते. म्हणून लिम्फोमाची शंका असेल आणि रुग्णाचा जीव लगेच धोक्यात नसेल, तर आधी बायोप्सी, मग स्टिरॉइड. रिपोर्टच्या तळाशी 'क्लिनिकल कोरिलेशन सुचवले आहे', म्हणजे रुग्णाच्या तपासणीशी ताडून पाहा, असं लिहिलेलं असतं ना, त्याचा अर्थ लोक 'पॅथॉलॉजिस्टनं अंग काढून घेतलं' असा लावतात. कधी कधी तसं असतंही, खोटं कशाला बोलू. पण बऱ्याचदा त्यामागे हा असा प्रश्न असतो: सुई घालण्याआधी रुग्णाला काय दिलं होतं?

रेडिएशननंतरचं दुखणंही याच घरातलं. गाठीवर उपचार होऊन महिने, कधी वर्षं उलटतात, आणि एमआरआयवर त्याच जागी पुन्हा चमक दिसते. गाठ परतली, की रेडिएशननं ऊती मेली? बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड, काचेसारख्या झालेल्या आणि नकाशातल्या देशासारखे मोठे मृत पट्टे दिसले, तर रेडिएशनकडे बोट जातं. मेलेल्या जागेभोवती जिवंत पेशी कुंपणासारख्या दाटीनं उभ्या दिसल्या, तर ग्लिओब्लास्टोमा या जहाल ग्लिओमाकडे. बहुतेकदा दोन्ही एकाच स्लाइडवर शेजारी नांदत असतात, आणि मग किती टक्के कशाचं यावर मीटिंग रंगते.

आपल्याकडे या यादीत अजून दोन नावं घालावी लागतात. क्षयाची गाठ, आणि फीतकृमीच्या अळीची पुटकुळी. फीट आली, स्कॅन केला, गोल सावली दिसली की घरचे कॅन्सर म्हणून हबकतात, आणि निघतो टीबी किंवा न्यूरोसिस्टिसर्कोसिस. (आम्ही तर शाकाहारी, आम्हाला कसं, असं हमखास विचारतात. हा आजार अंडी पोटात गेल्यानं होतो, आणि ती नीट न धुतलेल्या भाजीवरही असू शकतात.) मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. दराब दस्तूर यांनी न्यूरोपॅथॉलॉजीचं युनिट चालवलं आणि टीबीनं मेंदूच्या आवरणात, रक्तवाहिन्यांत काय होतं याचा बारकाईनं अभ्यास केला. परदेशी पुस्तकांत दोन ओळींत उरकलेला विषय इथे रोजचा होता.

आता दुर्मिळ गाठींकडे. दुर्मिळ म्हणजे किती, हे प्रत्येकानं आपापलं ठरवलंय. युरोपात वर्षाला लाखात 6 पेक्षा कमी लोकांना होणारा कॅन्सर दुर्मिळ धरतात, अमेरिकेत लाखात 15 पेक्षा कमी. गंमत म्हणजे असे सगळे दुर्मिळ एकत्र केले, तर युरोपात नव्या कॅन्सर रुग्णांतला पाचातला एक तरी त्यातच मोडतो. एकेकटा दुर्मिळ, जमाव मोठा. मेंदूच्या गाठींचे तर शंभरावर प्रकार आहेत आणि त्यांतले बहुतेक दुर्मिळच.

दुर्मिळ असण्याचा खरा तोटा उपचारापाशी सुरू होत नाही, नजरेपाशी होतो. आंब्याच्या पेढीवरचा माणूस हापूस आणि हापूससारखा दिसणारा दुसरा आंबा वासावरून वेगळा करतो, कारण त्यानं हजारो पेट्या उघडल्यात. पण आयुष्यात एकदाच पाहिलेलं फळ तो कसं ओळखणार? जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला एखादा प्रकार पूर्ण कारकिर्दीत एकदाही भेटत नाही. मग तो त्याला जवळच्या ओळखीच्या नावाखाली ढकलतो. यात त्याचा दोष नाही, पण रुग्णाला चुकीचं औषध जातं.

अशा ढकलाढकलीचं मोठं उदाहरण म्हणजे सीएनएस-पीनेट. मुलांच्या मेंदूतल्या, निळ्या बारीक पेशींनी खच्चून भरलेल्या गाठींना वर्षानुवर्षं हे एकच नाव दिलं जायचं. काही मुलं बरी व्हायची, काही महिन्यांत जायची, आणि कारण कळायचं नाही. 2016 मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पुढाकारानं अनेक देशांतल्या संशोधकांनी या नावाचे तीनशेहून जास्त जुने नमुने पुन्हा तपासले. त्यातल्या बऱ्याच गाठी दुसऱ्याच, आधीपासून माहीत असलेल्या प्रकारांच्या निघाल्या. उरलेल्यांतून चार नवे प्रकार वेगळे पडले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातून ते जुनं नाव गेलं. एका पाटीखाली इतकी वर्षं निरनिराळी माणसं राहत होती.

हे जमलं ते डीएनए मिथिलेशनमुळे. शब्द जड आहे, गोष्ट नाही. शरीरातल्या प्रत्येक पेशीत डीएनएची तीच पोथी असते. कातडीची पेशी आणि मेंदूची पेशी वेगळ्या होतात, कारण पोथीतली कुठली पानं बांधून ठेवायची आणि कुठली वाचायची हे प्रत्येकीत वेगळं ठरलेलं असतं. मिथिल नावाचा इवलासा रासायनिक गट ठिकठिकाणी चिकटतो आणि ही बांधाबांध करतो. पेशी बिघडून गाठ झाली तरी ती कुठल्या पेशीपासून निघाली याच्या खुणा या बांधाबांधीत राहतात. मालवणचा माणूस तीस वर्षं दादरला राहिला, कपडे बदलले, जेवण बदललं, तरी रागावला की हेल येतोच. सूक्ष्मदर्शकाखाली आम्ही कपडे पाहतो. मिथिलेशनची चाचणी साडेचार लाखांहून जास्त जागा तपासून हेल ऐकते.

2018 मध्ये हायडेलबर्गच्याच गटानं अशा हेलांचा मोठा संग्रह आणि तो ओळखणारा संगणकीय कार्यक्रम जाहीर केला. मेंदू-मज्जारज्जूच्या गाठींचे 82 वर्ग त्यात होते. रोजच्या कामातल्या 1,104 नमुन्यांवर तो लावून पाहिला, तेव्हा सुमारे 12 टक्के रुग्णांचं निदान बदललं. तेही जाणत्या केंद्रांनी आधी दिलेलं निदान! माझ्यासारख्यांना हा आकडा गिळायला जरा वेळ लागला. पण यंत्रालाही मर्यादा आहे: ज्या गाठीचे पुरेसे नमुने संग्रहात नाहीत, तिला तो 'जुळत नाही' म्हणून परत पाठवतो. म्हणजे दुर्मिळ ते इथेही दुर्मिळच. आणि तुकड्यात गाठ कमी आणि सूजलेला मेंदू जास्त असेल, तर यंत्र सूजलेल्या मेंदूचाच हेल ऐकतं. फिरून परत आपण गाठ की जखम इथेच.

नेमकं नाव मिळाल्यानं काय फरक पडतो? क्रेनिओफॅरिंजिओमा पाहा. पीयूषिका ग्रंथीजवळ होणारी ही दुर्मिळ गाठ. भ्रूणाच्या तोंडाच्या आतून जो भाग वर सरकून ही ग्रंथी बनवायला जातो, त्याच्या अवशेषांतून ती होते असं मानतात. तिचा एक प्रकार सूक्ष्मदर्शकाखाली चक्क दाताच्या कळीसारखा दिसतो. कधी तिच्यात गाडीच्या इंजिन ऑइलसारखा काळपट द्रव भरलेला असतो. ही गाठ कॅन्सरसारखी दूर पसरत नाही, पण डोळ्यांच्या नसांना चिकटून बसते, आणि ओढून काढावी तर दृष्टी किंवा हॉर्मोन जाण्याची भीती. शिवाय तिच्या कडेचा मेंदू इतकी वर्षं टोचणी सोसून असा ग्लायोसिस तयार करतो, की त्यात रोझेंथल फायबर नावाच्या लाल, गाजराच्या तुकड्यांसारख्या काड्या दिसतात. अशाच काड्या पायलोसायटिक ॲस्ट्रोसायटोमा या वेगळ्याच गाठीतही असतात. सर्जनची सुई चार मिलिमीटर बाजूला पडली, की जखमेचं निदान गाठ म्हणून आणि एका गाठीचं दुसरी म्हणून होऊ शकतं.

या गाठीच्या दुसऱ्या, पॅपिलरी प्रकारात बीआरएएफ जनुकातला एक विशिष्ट बदल असतो, हे 2014 मध्ये कळलं. तोच बदल मेलॅनोमा या कातडीच्या कॅन्सरमध्ये आहे, आणि त्यावरच्या गोळ्या तयार होत्या. 2023 मध्ये एका छोट्या चाचणीचे निकाल आले: 16 रुग्णांना दोन गोळ्यांची जोडी दिली, 15 जणांच्या गाठी आकसल्या, आणि आकारमानातली मधली घट 91 टक्के होती. सोळाच माणसं, हे खरं. पण इतक्या दुर्मिळ प्रकारात सोळा जमवणं हेच मोठं काम. मेंदूतल्या गाठीला कातडीच्या कॅन्सरची गोळी, असं कोणी तीस वर्षांपूर्वी बोललं असतं तर त्याला चहा पाजून घरी पाठवलं असतं.

हे सगळे जुने नमुने मुळात राहिले कसे? अमेरिकेतला हार्वी कुशिंग हा मेंदूच्या शस्त्रक्रियेचा जनक मानला जातो. 1926 मध्ये पर्सिव्हल बेली आणि त्यानं ग्लिओमांचं पहिलं नीट वर्गीकरण मांडलं. तो रुग्णांची ऊती, फोटो, टिपणं काहीच टाकून देत नसे. त्याच्याकडे संपादनाच्या कामाला लागलेली लुईस आयझनहार्ट पुढे स्वतः डॉक्टर झाली, न्यूरोपॅथॉलॉजिस्ट झाली, आणि या संग्रहाची खरी राखणदार ठरली. स्क्वॅशची पद्धत मेंदूच्या ऑपरेशनमध्ये रुळवण्यातही या दोघांचा हात आहे. कुशिंग गेल्यावर मात्र मेंदूंच्या बरण्या आणि हजारो काचेच्या निगेटिव्ह येल विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या तळघरात धूळ खात पडल्या. विद्यार्थी रात्री चोरून त्या बघायला जायचे आणि तिथल्या फळ्यावर नाव लिहून यायचे. शेवटी 2010 मध्ये त्या साफसूफ होऊन काचेच्या कपाटांत मांडल्या गेल्या.

नुसती शोभेची वस्तू म्हणून नव्हे. 2017 मध्ये या संग्रहातल्या एका रुग्णाच्या, शतकभरापूर्वीच्या ऊतीतून डीएनए काढून वाचला गेला. त्यात कार्नी कॉम्प्लेक्स या आनुवंशिक आजाराचा जनुकीय दोष निघाला. ज्या आजाराचं पहिलं वर्णनच 1985 मध्ये झालं, त्याचा रुग्ण कुशिंगच्या टेबलावर येऊन गेला होता.

अर्थात जुनी ऊती नेहमी सरळ उत्तर देतेच असं नाही. 1906 मध्ये अलॉइस आल्झायमरनं ज्या बाईच्या मेंदूवरून पुढे त्याच्याच नावानं ओळखला गेलेला आजार मांडला, त्या ऑगस्ट डेटरच्या स्लाइड्स 1990 च्या दशकात म्युनिकमध्ये पुन्हा सापडल्या. 2013 मध्ये त्यातून एक जनुकीय दोष मिळाल्याचं जाहीर झालं, आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाला तो सापडला नाही. फॉर्मालिन ऊती टिकवतं, पण डीएनएचे तुकडे करतं. जुन्या वहीची पानं वाळवीनं खाल्ली की काय लिहिलं होतं यावर दोन वाचणाऱ्यांचं एकमत होणं कठीणच.

मेंदूच्या इजेच्या संशोधनात अशी जपणूक नसती, तर खेळाडूंचं प्रकरण उजेडातच आलं नसतं. मुष्टियोद्धे उतारवयात अडखळतात, विसरतात, हे 1928 मध्ये मार्टलंड या अमेरिकी डॉक्टरनं लिहिलं होतं. 1973 मध्ये इंग्लंडमध्ये कॉर्सेलिसनं 15 निवृत्त मुष्टियोद्ध्यांचे मेंदू तपासले. 2002 मध्ये पिट्सबर्गला बेनेट ओमालू या नायजेरियात जन्मलेल्या पॅथॉलॉजिस्टपुढे अमेरिकी फुटबॉलमधला माइक वेब्स्टर शवविच्छेदनासाठी आला. वय 50. मेंदू वरून बघता साधारण दिसत होता. तिथे थांबता आलं असतं, रोज कित्येक जण थांबतात. ओमालूनं काप काढले, रंग लावले, आणि टाउ नावाच्या प्रथिनाचे गुंते दिसले. डोक्याला वारंवार मार बसून होणाऱ्या या आजारात, सीटीईत, हे गुंते मेंदूच्या घड्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती जमतात. जिथे धक्क्याचा ताण सगळ्यात जास्त येतो, नेमकं तिथे. जिवंतपणी याचं पक्कं निदान आजही होत नाही.

2017 मध्ये एका अभ्यासात एनएफएल या अमेरिकी फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या 111 माजी खेळाडूंपैकी 110 जणांच्या मेंदूत हे सापडलं, आणि मथळे झळकले. पण हे मेंदू दान आले होते ते बहुतेक ज्यांना त्रास झाला त्यांच्या घरून. म्हणजे गॅरेजमध्ये आलेल्या गाड्या मोजून शहरातल्या सगळ्या गाड्या बिघडल्यात म्हणण्यासारखं होईल. आजार खरा आहे, प्रमाण या आकड्यातून काढता येत नाही.

आपल्या देशात बंगळूरुच्या निम्हान्स या मेंदू आणि मनोविकारांच्या संस्थेत 1995 मध्ये डॉ. एस. के. शंकर यांनी मानवी मेंदूची पेढी सुरू केली. तिथलं मेंदूचं संग्रहालय सामान्य माणसालाही बघता येतं. खरा मेंदू हातात घ्यायला देतात, आणि सव्वा-दीड किलोचं ते वजन हातात आलं की बडबडी पोरंही गप्प होतात. मुंबईत टाटा मेमोरियल 1941 मध्ये सुरू झालं तेव्हा डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी तिथल्या प्रयोगशाळेची घडी बसवली. परळला आज गावोगावचे ब्लॉक येतात, एसटीनं, कुरिअरनं, कुणाच्या बॅगेतल्या टिफिनच्या शेजारी. देशातल्या दुर्मिळ गाठी एका छताखाली जमण्याचा तो एक मार्ग आहे.

म्हणून मोठ्या रुग्णालयात जायचं म्हटलं की तिथले लोक पहिल्यांदा ब्लॉक आणि स्लाइड मागतात. नुसता रिपोर्ट चालत नाही. रिपोर्ट म्हणजे एका माणसाचं मत, ब्लॉक म्हणजे मूळ कागद. स्लाइडवरच्या आधीच रंगवलेल्या कापावर नवा रंग लावणं, त्यातून डीएनए काढणं अवघड जातं, ब्लॉकमधून सगळं जमतं. तो परत मागायचा रुग्णाला हक्क आहे, हे सांगावं लागतं, कारण काही ठिकाणी मागितल्यावर कपाळाला आठ्या पडतात. स्लाइड काचेची, ती बबल रॅपमध्ये. ब्लॉकला फ्रिज लागत नाही, पण मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर तो विसरू नये, मेण मऊ पडतं. आणि मेंदूचा ताजा तुकडा कधी मिठाच्या पाण्यात घालून आणू नये. एकदा आमच्याकडे अरुंद तोंडाच्या बाटलीत, सलाइनमध्ये, चार तास प्रवास करून आलेली बायोप्सी आली होती. बाटली फोडूनच काढावी लागली. आत गाठ होती की जखम, ते कायमचं गेलं.

डबीवाल्या गृहस्थांना मी ब्लॉक परत दिले तेव्हा त्यांनी विचारलं, आता हे ठेवायचं कशाला, गाठ तर नाही ना? मी म्हटलं, ठेवा. भावाला पुन्हा काही झालं तर आधीचं याच्याशी ताडून बघता येईल. त्यांनी ब्लॉक उजेडात धरून पाहिला. कडेला आधीच्या लॅबमधल्या कुणीतरी नंबर घातला होता, पेन्सिलीनं. शाई झायलिनमध्ये धुऊन जाते, शिसं जात नाही.